तेलाची व्युत्पत्ती

दिवाळी आणि तेल यांचे नाते आमच्या वाचकभगिनींना नव्याने सांगायला नको. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लागते ते तेल, तुळशीपुढच्या पणतीत जळते ते तेल, आणि चकली कढईत सोडल्यावर जे वर उसळते व ज्याचा भाव ऐकून गृहस्वामी खाली बसतो, तेही तेलच! पण या सगळ्या तेलांच्या मागे आणखी एक तेल उभे असते. भावाला भाऊबिजेसाठी गावाहून आणणाऱ्या एस.टी.च्या टाकीत ते असते, फराळाच्या शेगडीखालचा गॅसही त्याच घराण्यातला असतो. त्या तेलाला ना कुणी ओवाळते, ना कुणी त्याचे कूळ विचारते. यंदाच्या दिवाळी अंकात ते विचारावे असा बेत आहे.

या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, ‘मास्तर, तुम्ही शब्दांची कुळे शोधणारे. तुमचा आणि खनिज तेलाचा संबंध काय?’ संबंध आहे. आधी शब्दच पाहा. ‘तेल’ आले ‘तैल’ वरून, आणि तैल आले ‘तिल’ वरून. म्हणजे मुळात तिळाचे तेवढेच तेल. करडई, शेंगदाणा, सरकी ही सारी मंडळी त्या नावात मागाहून शिरली. ‘पेट्रोलियम’ म्हणजे लॅटिन भाषेत खडकाचे तेल. आमच्या आजीने कंदिलात घातलेले ‘रॉकेल’ हेही इंग्रजी ‘रॉक ऑइल’चेच मराठमोळे रूप. थोडक्यात, नावानेच कबूल केले आहे की माहेर खडकातले. आता प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणत्या खडकातले? आणि निघाले त्या वेळी वय काय होते?

हा प्रश्न आमच्या औंढा नागनाथला बसून विचारण्यात एक मौज आहे. मूळ स्थान कोणते, हा वाद आम्हाला परका नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेश ते आमचेच, असे आम्ही ठामपणे सांगतो. द्वारकेजवळचे लोक ते आपले म्हणतात, आणि हिमालयातल्या जागेश्वरचाही दावा आहेच. संत नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला तो याच देवळात, अशी परंपरा आहे. नामदेवांची नरसी इथून फार दूर नाही. तेव्हा कूळ, स्थान आणि पुरावा यांची चर्चा आमच्या पारावर बारमाही चालते.

अलीकडे तिच्यात नवी भर पडली आहे. २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा याच तालुक्यात व्हावयाची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे यंत्र आकाशातल्या दूरच्या धडकांची थरथर मोजणार. परंतु जमीन मोजणारी माणसे आली की गावात पहिला प्रश्न येतो तो ठरलेला. चहाच्या टपरीवर एका शेतकरी गृहस्थांनी आम्हाला विचारलेच, “सर, तिकडं तेल शोधायलेत म्हणं, खरं हाय का?”

तेल नव्हे, हे त्यांना सांगितले. पण त्यांच्या प्रश्नात एक धागा होता. नागनाथाचे देऊळ ज्या काळ्या पाषाणाचे आहे तो पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, बेसाल्ट. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्ह्याचे लोंढेच्या लोंढे वाहिले आणि थरावर थर चढून आपला महाराष्ट्र घडला. अशा तप्त रसात तेल जन्मत नाही. मात्र हाच काळा कातळ पश्चिमेला सह्याद्री उतरून संपत नाही. तो अरबी समुद्राखाली शिरतो, आणि ‘मुंबई हाय’ च्या परिसरात ठिकठिकाणी तेलवाल्या थरांचा तळ होऊन बसतो. म्हणजे नागनाथाच्या गाभाऱ्याचा दगड आणि मुंबईच्या समुद्रातल्या तेलाच्या खोलीची फरशी, एकाच खाणीतली म्हणा ना!

आता तेल बनते कसे? समुद्रात वा सरोवरात सूक्ष्म वनस्पती आणि जीव मरून तळाशी बसतात; नद्या पाने, काष्ठे, परागकण वाहून आणतात. गाळाखाली ते गाडले जातात. प्राणवायू नसला की पुरते कुजत नाहीत. गाळावर गाळ चढतो, खोली वाढते, आणि खोलीबरोबर उष्णताही वाढते. साधारण ६० अंशांपासून १२०-१५० अंशांपर्यंतच्या मंद आचेवर लक्षावधी वर्षे राहिल्यावर त्या द्रव्यातून तेल सुटू लागते. आच कमी पडली तर कच्चे; जास्त झाली तर तेलाचा गॅस होतो. आटवलेल्या दुधाचे जे तंत्र तेच इथे. बासुंदी व्हायची तर आच आणि वेळ दोन्ही साधावी लागतात. नाहीतर एक दूध तरी राहते, नाहीतर करपते तरी.

तेल सजीवांपासून झाले याचा रासायनिक पुरावा १९३४ मध्ये आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनतज्ज्ञाने दिला. त्याला खनिज तेलात आणि तेलकट शेलखडकात पॉर्फिरिन नावाची संयुगे सापडली. त्यांचा सांगाडा पानांतल्या हरितद्रव्याच्या सांगाड्याशी जुळत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानाने आपली सही तेलात ठेवली होती! तेव्हापासून अशा सह्या वाचण्याचे एक शास्त्रच उभे राहिले. त्यातल्या एका सहीची गोष्ट आज सांगायची आहे, आणि ती सही आहे गंधकाची.

‘गंधक’ या शब्दातच गंध आहे, आणि तो सुगंध नव्हे हे दिवाळीत फटाक्यांच्या धुरात उभे राहिलेल्यांना कळते. ग्रीक लोक गंधकाला ‘थिऑन’ म्हणत. त्यावरून रसायनशास्त्रात ‘थायो’ हे उपपद आले. जिथे ‘थायो’ दिसेल तिथे गंधक बसला आहे असे समजावे. १८८२ साली झ्युरिक येथे व्हिक्टर मायर हे प्राध्यापक वर्गात बेन्झिनचा एक नेहमीचा प्रयोग करून दाखवीत होते. निळा रंग यायला हवा होता, तो येईना. शोध घेता कळले की त्या दिवशीचे बेन्झिन अगदी शुद्ध होते. निळा रंग बेन्झिनचा नव्हताच, तो त्यात एरवी लपून राहणाऱ्या एका गंधकी संयुगाचा होता! त्याला नाव मिळाले थायोफीन. फसलेल्या तासातून शोध लावणारे ते प्राध्यापक धन्य होत. आम्हा मराठीच्या लोकांचे तास फसले तर नुसतेच फसतात.

या थायोफीनच्या पाच कोनांच्या कड्याला दोन्ही बाजूंनी बेन्झिनचे सहा कोनांचे एकेक कडे जोडले की होते ‘डायबेन्झोथायोफीन’. नावाला घाबरू नये. तीन खोल्यांची चाळ समजावी. मधली खोली लहान, आणि तिच्या एका कोपऱ्यात गंधकाचे बिऱ्हाड. अशी संयुगे बहुतेक खनिज तेलांत कमी-अधिक असतात. त्यांना विचारायचे प्रश्न दोन: तुमचे माहेर कोणते, आणि तुम्ही किती आच सोसली आहे?

पहिला प्रश्न माहेरचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. तळच्या चिखलात प्राणवायू संपला की काही जिवाणू त्या सल्फेटवर गुजराण करतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. हा गंधक मग सोबती शोधू लागतो. नद्यांनी आणलेल्या मातीच्या चिखलात लोह असते. गंधक आधी लोहाशी लग्न लावतो आणि दोघांचे पिवळे चकचकीत पायराइट बनते. सेंद्रिय द्रव्याच्या वाट्याला गंधक थोडाच उरतो. परंतु जिथे नद्यांची माती पोचत नाही, शंखशिंपल्यांच्या चुन्याचाच गाळ साचतो, तिथे लोहाची वानवा असते. मग गंधक सेंद्रिय द्रव्याशीच सोयरीक करतो. म्हणून चुनखडीच्या माहेरचे तेल गंधकाने जड, आणि मातीच्या शेलखडकातले तेल बहुधा हलके.

हे मोजायचे कसे? गंधक असलेल्या डायबेन्झोथायोफीनची तुलना ‘फेनान्थ्रीन’ या तशाच तीन कड्यांच्या पण गंधक नसलेल्या संयुगाशी करतात. १९९५ मध्ये ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक तेलांचा अभ्यास करून दाखविले की हे गुणोत्तर एकाहून अधिक आले तर माहेर बहुधा चुनखडीचे, आणि एकाहून कमी आले तर शेलचे असण्याचा संभव अधिक. त्याच्या जोडीला त्यांनी हरितद्रव्यापासून येणाऱ्या प्रिस्टेन आणि फायटेन या दोन संयुगांचे गुणोत्तरही धरले. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हा नियम कोर्टात आहे तसा इथेही आहे.

दुसरा प्रश्न वयाचा. खरे म्हणजे किती शिजले याचा. आपल्या तीन खोल्यांच्या चाळीला कधीकधी मिथाइल नावाचा एक पाहुणा चिकटतो. त्याला बसायला चार प्रकारच्या जागा आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. क्रमांक एकची जागा मोठी अडचणीची. समोरच्या खोलीतल्या हायड्रोजनशी सारखे कोपर लागते. क्रमांक चारची जागा गंधकाच्या शेजारी, पण ऐसपैस. एस.टी.त चाकावरच्या सीटवर बसलेला उतारू जसा गाडी हलू लागली की दुसरी जागा हेरतो, तसेच इथे घडते. उष्णता वाढत गेली, काळ गेला, की एक क्रमांकाचे उतारू कमी होतात आणि चार क्रमांकाचे प्रमाण वाढते. म्हणून ‘चार भागिले एक’ हे गुणोत्तर जितके मोठे तितके तेल अधिक पक्व. जर्मनीतल्या मथियास राडके यांनी १९८० च्या दशकात हे माप पुढे आणले. काम होते ते गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रांवर. पहिले यंत्र संयुगांना एकामागून एक रांगेत उभे करते, दुसरे त्यांचे तुकडे तोलून नावे सांगते.

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल. पोथीवर सन नसला तरी भाषेची रूपे बोलतात. जुने प्रत्यय किती टिकले, नवे किती शिरले, यांच्या प्रमाणावरून आपण काळ ताडतो. शिवाय लेखनिक कोणत्या प्रांतातला होता त्यावरूनही रूपे बदलतात, म्हणून काळ सांगताना प्रांत विसरून चालत नाही. तेलातही नेमके तसेच आहे. पक्वतेचे माप माहेरच्या खडकाच्या जातीप्रमाणे थोडे ढळते. तेव्हा आधी कूळ, मग वय, असा क्रम पाळावा लागतो.

आता कुणी विचारील, एवढ्या उस्तवारीचा उपयोग काय? उपयोग मुंबईच्या समुद्रातच पाहा. १९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या साह्याने केलेल्या सर्वेक्षणात मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली एक मोठा उंचवटा असल्याचे दिसले. ‘सागर सम्राट’ हे जपानमध्ये बांधलेले वेधनजहाज तेथे उभे राहिले, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाच्या भावाने जगाची झोप उडवली होती, त्या दिवसांत ही बातमी दिवाळीसारखी वाटली.

हे तेल प्रामुख्याने सापडले ते चुनखडीच्या थरात, सुमारे १,३०० ते १,४०० मीटर खोलीवर. तेव्हा साध्या माणसाला वाटावे की चुनखडी हेच त्याचे माहेर. पण त्याचा गंधक पाहा: ०.२ टक्क्यांच्या आसपास. इराणच्या आखातातली अनेक तेले चुनखडीच्या माहेरची, त्यांत दीड ते तीन टक्के गंधक असतो. आमचे तेल चुनखडीत राहते खरे, पण जन्मलेले तिथले नाही! त्याच्यातल्या इतर खुणाही जमिनीवरच्या झाडापानांचा मोठा वाटा सांगतात. तज्ज्ञांच्या मते त्याचे माहेर म्हणजे खालचा पन्ना नावाचा शेलचा थर, काळ्या कातळानंतर साचलेला, पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीचा. आणि तोही बाजूच्या खोल खळग्यांतला. तिथे ते शिजले, आणि फटीफटींतून वर चढत उंचवट्यावरच्या सच्छिद्र चुनखडीत मुक्कामाला आले. त्या चुनखडीचे वय साधारण दोन कोटी वर्षे. घर तरुण आणि भाडेकरूचे घराणे जुने, असा हा प्रकार.

हा भेद पुस्तकी नाही. समुद्रातली एकेक विहीर म्हणजे कोट्यवधी रुपयांचा जुगार. स्वयंपाकघर कुठे आहे हे कळले तर ताटे कुठे मांडली असतील याचा अंदाज येतो. नाहीतर माणूस नुसता वासावर भटकतो. मुंबई हायच्या उत्पादनाचे शिखर १९८० च्या दशकाअखेरच मागे पडले. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आज बाहेरून येते. तेव्हा पुढची विहीर चुकीच्या जागी न खणणे हा तुमच्या-आमच्या घरखर्चाचाही प्रश्न आहे.

पण या गंधकी साक्षीदाराची खरी कसोटी लागते ती किनाऱ्यावर. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या वाळूवर काळे चिकट डांबरगोळे येऊन पडतात. सहलीला गेलेल्यांचे पाय माखतात, ते रॉकेलने पुसून मिटते. कोळ्याचे जाळे माखले तर त्याचा हंगाम जातो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडले, आणि मुंबईकरांनी काही दिवस मासळीकडे पाठ फिरवली. त्या वेळी निदान जहाज डोळ्यांपुढे कलंडलेले होते. डांबरगोळ्याचा मात्र धनी सापडत नाही. टँकरवाले विहिरीकडे बोट दाखवतात, विहीरवाले टँकरकडे, आणि मध्ये कोळी उभा!

अशा वेळी तेलाचीच जबानी घ्यावी लागते. समुद्रावर पडलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो, सरळ साखळ्यांची संयुगे जिवाणू खातात, ऊन उरलेल्याला सुकवते. मात्र मिथाइलचे अनेक पाहुणे बाळगणारी डायबेन्झोथायोफीनची आणि फेनान्थ्रीनची मोठी भावंडे चिवट असतात; आणि झिजली तरी साधारण एका गतीने झिजतात. त्यामुळे त्यांचे आपसांतले गुणोत्तर बराच काळ टिकते. नाणे झिजले तरी छाप वाचता यावी तसे. गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशाच टिकाऊ रासायनिक खुणा ताडून डांबरगोळ्यांचे कूळ शोधले आहे. काही वर्षांच्या गोळ्यांचा माग मुंबई हायच्या तेलाकडे गेला, तर काहींचा टँकरमधून सांडलेल्या तेलाकडे.

अलास्कातली हकीकत तर याहून नामी. २४ मार्च १९८९ रोजी तेथील प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि किनारे काळे झाले. पुढे शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरचे डांबरगोळे तपासले, तर त्यांतले कित्येक त्या जहाजाच्या तेलाचे नव्हतेच! खुणा जुळल्या त्या दूरच्या कॅलिफोर्नियातल्या गंधकाने जड अशा माँटेरे थराच्या तेलाशी. ते तिथे आले कसे? १९६४ साली अलास्कात मोठा भूकंप झाला होता. वाल्डेझ गावी कॅलिफोर्नियाहून आणलेल्या डांबराच्या आणि तेलाच्या टाक्या तेव्हा फुटल्या होत्या. पाव शतकापूर्वीचा गुन्हा अशा रीतीने वाळूत सापडला. त्याने जहाजाचा अपराध पुसला गेला नाही. पण कोणता डाग कुणाचा हे वेगळे सांगता आले, आणि न्याय म्हणजे तरी दुसरे काय असते?

एवढ्या उपयोगाचा हा गंधक आपल्या पेट्रोलपंपापर्यंत मात्र येत नाही, आणि येऊ नये हेच बरे. तो जळला की त्याचा धूर छातीत जातो. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे इंधन लागू झाले. त्यात दहा लाख भागांत गंधकाचे फार तर दहा भाग चालतात. तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजन आणि उत्प्रेरक यांच्या साह्याने तो काढतात. तिथेही शेवटपर्यंत हटून बसतात ती आपली चार क्रमांकाच्या जागेवरची मंडळी! गंधकाच्या अगदी शेजारी मिथाइल बसल्यामुळे उत्प्रेरकाला गंधकापर्यंत हात पोचवता येत नाही. भूगर्भातल्या आचेत ज्या जागेने त्यांना तारले, तीच जागा कारखान्यातही त्यांचे रक्षण करते. चांगली जागा धरून बसण्याचे महत्त्व आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांतच कळते असे नव्हे.

तेव्हा आपल्या स्कूटरच्या टाकीत जे पडते त्याचे कूळ पुसलेले असते. ना माहेर, ना वय, ना वास. ज्याला घडायला कोट्यवधी वर्षे लागली ते आपण भाजी आणायला जाताना दहा मिनिटांत संपवतो, आणि त्याची जन्मकथा सांगणारा साक्षीदार कारखान्यातच मागे राहतो. वस्तूचे मूळ ठाऊक नसले की तिची किंमत फक्त भावफलकावरच दिसते. शब्दांचेही असेच होते. ‘रॉकेल’ म्हणताना खडक आठवत नाही, ‘तेल’ म्हणताना तीळ आठवत नाही. म्हणून कुणीतरी अधूनमधून कुळे विचारीत राहावे. प्रयोगशाळेत ते काम यंत्रे करतात; घराघरांतून ते मुलांनी करावे. यंदा फराळाच्या ताटाभोवती एखाद्या चिरंजीवाने ‘गॅस कुठून येतो?’ असे विचारले, तर ‘सिलिंडरमधून’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. त्याला एक लाडू जास्त द्या आणि समुद्राखालच्या काळ्या कातळापासून सुरुवात करा.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.